दारातलं टेबल : आयोवा कॉकस २००८ आणि नोंदणीचा एक नियम

३ जानेवारी २००८ ची संध्याकाळ. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एखाद्या शाळेचा मोठा हॉल डोळ्यांसमोर आणा. बाहेर कडाक्याची थंडी. दाराशी घडीचं टेबल टाकलेलं आणि टेबलामागे पक्षाचे दोन-तीन स्वयंसेवक. त्यांच्यासमोर छापील मतदार याद्या आणि कोऱ्या अर्जांची चळत. यादीत नाव सापडलं की माणूस सही करून आत जातो. नाव नसेल, किंवा नावापुढे दुसऱ्या पक्षाची नोंद असेल, तर त्याला परत पाठवत नाहीत. अर्ज हातात देतात, तो तिथेच उभ्याउभ्या भरायचा. पक्षाच्या रकान्यात ‘डेमोक्रॅटिक’वर खूण करून सही केली की तोही आत. सकाळपर्यंत जो रिपब्लिकन होता किंवा कोणत्याच पक्षाचा नव्हता, तो संध्याकाळी सातला डेमोक्रॅट म्हणून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला बसतो.

त्या रात्री डेमोक्रॅटिक कॉकसला, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठीच्या पक्षाच्या सभेला, सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले. चार वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, हा आकडा सुमारे १ लाख २४ हजार होता. बराक ओबामांना ३७.६ टक्के, जॉन एडवर्ड्स यांना २९.७ टक्के आणि हिलरी क्लिंटन यांना २९.५ टक्के मिळाले. ही टक्केवारी मतांची नव्हे, पक्षाच्या राज्य अधिवेशनासाठीच्या प्रतिनिधींची. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

ओबामांचा विजय सहसा वक्तृत्व, तरुणाई आणि लाट या तीन शब्दांत सांगितला जातो. मला मात्र या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दारातलं टेबल. त्याचा फायदा नेमका कुणाला झाला आणि तोटा कुणाला, याचं प्रचलित उत्तर आकड्यांशी ताडून पाहिलं तर अर्धंच खरं निघतं.

आधी नियम समजून घेऊ

आपल्या मतदार यादीत पक्षाचा रकाना नसतो. मतदार म्हणून नाव नोंदवणं आणि पक्षाचं सभासद होणं या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीशी निवडणूक आयोगाचा संबंध नाही. आयोवासारख्या राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जातच पक्ष विचारतात आणि ती नोंद सरकारी यादीत राहते. पक्ष सांगायचा नसेल तर ‘कोणताही नाही’ असं लिहिता येतं. असं लिहिणारे लोक हाच त्या वेळी आयोवातला सगळ्यात मोठा गट होता, डेमोक्रॅटांपेक्षा आणि रिपब्लिकनांपेक्षाही मोठा.

कॉकस ही पक्षाची सभा. प्रायमरीत सरकारी यंत्रणा मतदान घेते, मतदार दिवसभरात कधीही जाऊन मत टाकून येतो. कॉकसला ठरलेल्या वेळी स्वतः हजर राहावं लागतं आणि आयोवातल्या डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या पद्धतीत तर सर्वांसमोर आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागे. मतपत्रिका नाही, गुप्तता नाही. ज्या उमेदवाराच्या कोपऱ्यात हजर लोकांपैकी १५ टक्केही जमत नसत, त्याच्या माणसांना दुसरा उमेदवार निवडावा लागे. (लहान केंद्रांत ही किमान अट आणखी वरची असे.) मग डोकी मोजून त्या केंद्राचे प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या पुढच्या अधिवेशनात केंद्राच्या वतीनं बसणारे, उमेदवारांत वाटले जात.

पक्षाची सभा असल्यामुळे तिथे पक्षाच्या माणसांनीच बसावं, हे ओघानं आलं. पण पक्षाचं माणूस कधीपर्यंत व्हायचं? इथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आयोवाचं उत्तर होतं, दारात येईपर्यंत. त्याला वयाची सवलतही जोडलेली होती. ४ नोव्हेंबर २००८ च्या मुख्य निवडणुकीपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होणार, तो जानेवारीत सतरा वर्षांचा असला तरी कॉकसला बसू शकत होता. म्हणजे कायद्याच्या नजरेत अजून पूर्ण मतदारही नसलेला शाळकरी मुलगा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या गर्दीत मोजला जात होता. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी हायस्कूलच्या मुलांसाठी ‘बराक स्टार्स’ नावाची वेगळी आघाडीच उभी केली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटेल, पण आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एक नमुना आहे. तो म्हणजे विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. तिथली यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्यानं करतात, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून नमुना १८ भरावा लागतो आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. ज्यांनी ही निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक असतं की तिथला खरा प्रचार मतदानाच्या आधी, नोंदणीच्या काळातच होतो. कॉलेजांत, सोसायट्यांत, बँकांत अर्ज वाटणारा, ते भरून घेणारा, पदवीच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स गोळा करणारा उमेदवार निम्मी लढाई तिथेच मारतो. आयोवात फरक एवढाच की नोंदणीची ती खिडकी मतदानाच्या क्षणापर्यंत उघडी होती.

होवर्ड डीन यांचा धडा

दार उघडं आहे म्हणून लोक आत येतातच असं नाही, हे २००४ नं दाखवून दिलं होतं. त्या वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या होवर्ड डीन यांच्याकडे तरुणांचा उत्साह होता, इंटरनेटवरून जमलेला पैसा होता आणि बाहेरच्या राज्यांतून आलेले हजारो स्वयंसेवक केशरी टोप्या घालून आयोवात घरोघर फिरत होते. नियम तेव्हाही हाच होता, दारातल्या टेबलावर नाव नोंदवता येत होतं. डीन यांना १८ टक्क्यांच्या आसपास मिळाले आणि ते तिसरे आले. जॉन केरी पहिले, एडवर्ड्स दुसरे.

त्यातून जुन्या जाणत्यांनी एक निष्कर्ष पक्का केला. तरुण टाळ्या वाजवतात, सभेला गर्दी करतात, पण जानेवारीच्या रात्री दोन तास उभं राहायला येत नाहीत. कॉकसला येतात ते दर वेळचेच लोक. तेव्हा मागच्या कॉकसला आलेल्यांची यादी मिळवा आणि त्यांच्याच दारात जा. निष्कर्ष चुकीचा नव्हता, फक्त तो एका निवडणुकीवरून काढलेला होता.

एडवर्ड्स यांची २००८ ची बांधणी मुख्यत्वे याच समजावर उभी होती. चार वर्षांपूर्वी ते दुसरे आले होते. ग्रामीण आयोवात त्यांची माणसं टिकून होती आणि जुन्या कॉकसवाल्यांत त्यांचं वजन होतं.

क्लिंटन यांच्या छावणीबद्दल एक गैरसमज आहे. त्याही फक्त जुन्या मतदारांवर विसंबून होत्या असं सर्रास लिहिलं जातं. तसं नव्हतं. त्यांच्या पाठीराख्यांत वयस्क स्त्रियांचा मोठा भरणा होता आणि त्यातल्या अनेकजणी आयुष्यात कधी कॉकसला गेलेल्या नव्हत्या. कॉकस म्हणजे भांडखोर पुरुषांची सभा, तिथे आपलं काय काम, असं वाटणाऱ्या बायकांना धीर देणं हे त्यांच्या कार्यकर्त्यांचं मोठं काम होतं. म्हाताऱ्या समर्थकांच्या अंगणातला बर्फ काढायला त्यांच्या मोहिमेनं शेकडो फावडी विकत घेतली आणि त्यांना केंद्रावर न्यायला गाड्यांची सोय केली. म्हणजे नवख्यांची गरज क्लिंटन यांनाही होती, फक्त त्यांचे नवखे साठी-सत्तरीचे होते.

बाहेरच्या विद्यार्थ्यांचा वाद

नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस नोंदणीचा नियम एकदम ठळक बातमी झाला. ओबामांच्या मोहिमेनं कॉलेजांत एक पत्रक वाटलं होतं. तुम्ही मूळचे आयोवाचे नसलात तरी इथे शिकता, तेव्हा सुट्टीतून परत या आणि कॉलेजच्या परिसरातल्या केंद्रावर कॉकसला बसा, असा त्याचा मतलब. ‘डे मॉइन रजिस्टर’ या राज्यातल्या मुख्य दैनिकाचे राजकीय स्तंभलेखक डेव्हिड येप्सन यांनी त्यावर सडकून टीका केली. शर्यतीतले आणखी एक उमेदवार क्रिस डॉड यांच्या मोहिमेनं आक्षेप घेतला. ही प्रक्रिया आयोवाच्या लोकांची आहे, इथे राहणाऱ्यांची आणि इथे कर भरणाऱ्यांची आहे, असा सूर क्लिंटन यांनी लावला.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर वादाला जागाच नव्हती. विद्यार्थी जिथे शिकायला राहतो तिथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. दुसरीकडे मत द्यायचं नाही, एवढीच अट. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्येच विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला होता. आयोवात निवडणुकांचं खातं राज्य सचिवांकडे असतं. तेव्हाचे सचिव मायकेल मॉरो यांनीही विद्यार्थ्यांना हा हक्क असल्याचं स्पष्ट केलं.

या वादात मला विद्यार्थ्यांची बाजू मनापासून पटते. जो मुलगा वर्षातले नऊ महिने एका गावात राहतो, तिथे घरभाडं देतो, दुकानात खरेदी करताना विक्रीकर भरतो, तिथल्या हॉटेलात भांडी घासून फी भरतो, त्याला ‘तू इथला नाहीस’ म्हणणं अन्यायाचं आहे. पुण्यात शिकायला आलेल्या मराठवाड्यातल्या मुलामुलींना कुणी हेच सांगितलं तर आपल्याला कसं वाटेल? बाहेरचे म्हणून बोट दाखवायला विद्यार्थी सगळ्यात सोयीचे असतात. त्यांची बाजू घ्यायला गावात सहसा कुणी नसतं.

पण या वादानं सगळ्यांचं लक्ष चुकीच्या जागी वळवलं. कॉलेजच्या गावात विद्यार्थ्यांचे थवे उतरणार आणि निकाल फिरवणार, ही भीती डेमोक्रॅटिक कॉकसच्या गणितात बसतच नव्हती.

खरं गणित कुठे होतं

प्रत्येक केंद्राला किती प्रतिनिधी मिळणार हे आधीच ठरलेलं असतं. मागच्या अध्यक्षीय आणि गव्हर्नरच्या निवडणुकांत त्या केंद्रात पक्षाला किती मतं पडली, त्यावरून ते ठरतं. त्या रात्री किती लोक आले याच्याशी त्याचा संबंध नसतो. हॉलमध्ये शंभर येवोत की हजार, प्रतिनिधी तेवढेच.

कागद-पेन्सिल घेऊन दोन काल्पनिक केंद्रं मांडून पाहू.

पहिलं केंद्र कॉलेजच्या गावातलं, सहा प्रतिनिधींचं. तीनशे लोक आले, त्यातले दोनशे ओबामांचे. ओबामांना चार प्रतिनिधी, बाकीच्यांना दोन. आता समजा बाहेरून आणखी तीनशे विद्यार्थी आले, सगळ्यांनी दारात नावं नोंदवली आणि सगळे ओबामांच्या कोपऱ्यात उभे राहिले. आता सहाशेपैकी पाचशे त्यांचे, म्हणून सहापैकी पाच प्रतिनिधी. तीनशे माणसं आणून पदरात पडला एक जादा प्रतिनिधी.

दुसरं केंद्र खेड्यातलं, चार प्रतिनिधींचं. साठ लोक आले. क्लिंटन २२, ओबामा २०, एडवर्ड्स १८. सूत्र असं की गटातली डोकी गुणिले प्रतिनिधी भागिले एकूण हजेरी. क्लिंटन १.४७, ओबामा १.३३, एडवर्ड्स १.२. तिघांना प्रत्येकी एक मिळतो आणि उरलेला चौथा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे क्लिंटन यांना. आता याच खेड्यातली पाच मुलं नाताळच्या सुट्टीत घरी आहेत. ती आईबरोबर हॉलवर येतात, दारातल्या टेबलावर अर्ज भरतात आणि ओबामांच्या कोपऱ्यात जातात. हजेरी ६५. ओबामा २५, म्हणजे १.५४, पूर्णांकात दोन. क्लिंटन १.३५, एक. एडवर्ड्स १.११, एक. पाच मुलांनी एक प्रतिनिधी क्लिंटन यांच्याकडून काढून ओबामांना दिला.

कॉलेजच्या गावात तीनशे माणसांनी जे केलं, तेच खेड्यात पाचांनी केलं.

आता तारखेकडे पाहा. २००८ ची आयोवा कॉकस आधी १४ जानेवारीला ठरली होती. इतर राज्यं आपापल्या प्रायमरी आधीच्या तारखांना आणत होती, त्या धावपळीत ती ३ जानेवारीवर आली. त्या दिवशी कॉलेजं बंद. तेव्हा बहुतेक जाणकारांचं म्हणणं होतं की ओबामांचं नुकसान झालं, त्यांचे विद्यार्थी पांगले. आयोवाचेच असलेले विद्यार्थी पांगले हे खरं, पण पांगून ते ९९ काउंट्यांतल्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतल्या) १,७८१ केंद्रांत पोहोचले. जिथे एका हॉलमध्ये शेकडो जमून वाया गेले असते, तिथे प्रत्येक खेड्यात चार-पाच झाले. सुट्टी नडेल असं वाटत होतं, ती पथ्यावर पडली. त्यातल्या अनेकांची नावं घरच्या यादीत नव्हती किंवा कॉलेजच्या पत्त्यावर होती. दारातलं टेबल नसतं तर ती मुलं त्या रात्री घरी टीव्हीसमोर बसली असती.

आलेल्यांनी काय सांगितलं

हॉलमध्ये शिरणाऱ्यांची पाहणी त्या रात्री झाली होती, तिचे आकडे उपलब्ध आहेत. ५७ टक्के लोकांनी सांगितलं की ही आपली पहिलीच कॉकस. एकूण हजेरीवर हे प्रमाण लावलं तर साधारण १ लाख ३६ हजार नवखे होतात. म्हणजे २००४ च्या पूर्ण हजेरीपेक्षा या एका रात्रीचे नवखेच जास्त.

या नवख्यांत ओबामांना ४१ टक्के, क्लिंटन यांना २९ आणि एडवर्ड्स यांना १८. पूर्वी कॉकस केलेल्यांत एडवर्ड्स ३०, ओबामा २६, क्लिंटन २४.

हे सहा आकडे या प्रकरणाचा गाभा आहेत. फक्त जुने लोक आले असते, तर त्या रात्री हॉलमध्ये एडवर्ड्स पुढे असते आणि क्लिंटन तिसऱ्या असत्या. म्हणजे उघड्या दाराचा ओबामांना फायदा झाला, पण क्लिंटन यांनाही झाला, कारण नवख्यांत त्यांचं प्रमाण जुन्यांपेक्षा जास्त आहे. बर्फ काढायची फावडी वाया गेली नाहीत. उघड्या दाराचा खरा फटका एडवर्ड्स यांना बसला. त्यांनी चार वर्षं ज्या घराची राखण केली, त्या घरात एका रात्रीत दुप्पट माणसं शिरली. निकालानंतरच्या चर्चेत ओबामा विरुद्ध क्लिंटन एवढंच दिसत राहिलं, म्हणून ही गोष्ट झाकली गेली.

वयाचे आकडे टोकाचे आहेत. १७ ते २९ वयाचे लोक हजेरीत २२ टक्के होते आणि त्यांतले ५७ टक्के ओबामांबरोबर गेले. ६५ च्या वरचेही २२ टक्केच होते. त्यांत क्लिंटन यांना ४५ आणि ओबामांना १८. तरुण आणि वृद्ध सारख्या संख्येनं आले, हेच त्या वर्षीचं नवल. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांत ओबामा आणि क्लिंटन जवळपास बरोबरीत होते, ३२ आणि ३१. स्वतःला कोणत्याच पक्षाचे न मानणारे हजेरीत २० टक्के होते. त्यांत ओबामा ४१, एडवर्ड्स २३, क्लिंटन १७. टेबलावरच्या कागदावर ते सगळे त्या रात्रीपुरते डेमोक्रॅट झालेले होते.

इथे एक सावधगिरी हवी. पहिल्यांदा कॉकसला आलेला आणि त्याच रात्री नाव नोंदवलेला, हे दोन गट एक नव्हेत. अनेक नवख्यांची नावं यादीत डेमोक्रॅट म्हणून आधीच होती, ते फक्त कधी आले नव्हते. त्यामुळे ५७ टक्क्यांचं सगळं श्रेय टेबलाला देता येणार नाही. पण टेबल आहे हे ठाऊक असल्यामुळे प्रचाराचा हिशेबच बदलतो. कार्यकर्ता एखाद्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला ‘तुमचं नाव यादीत आहे का, कोणत्या पक्षात आहे’ इथून सुरुवात करावी लागत नाही. तो सरळ म्हणतो, ‘गुरुवारी संध्याकाळी या, बाकीचं तिथे होईल.’ मुदत महिनाभर आधी संपत असती तर हाच कार्यकर्ता डिसेंबरात फक्त यादीवाल्यांच्या दारात गेला असता.

आकडे आधीच सांगणारी एक पाहणी

मतदानाआधी तीन दिवस, ३१ डिसेंबरच्या रात्री, ‘डे मॉइन रजिस्टर’नं आपली शेवटची पाहणी छापली. ती ॲन सेल्झर यांनी केली होती. ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४. कॉकसला येणाऱ्यांपैकी ६० टक्के नवखे असतील असंही त्यात दिसत होतं. क्लिंटन आणि एडवर्ड्स या दोन्ही छावण्यांनी ती पाहणी झिडकारली. असं कधी झालेलंच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

सेल्झर यांची पद्धत या प्रकरणात फार शिकवून जाते. बरेच पाहणीकार मागच्या कॉकसला कोण आलं होतं यावरून या वेळी कोण येईल याचा साचा बनवतात आणि त्या साच्यात उत्तरं बसवतात. सेल्झर यांनी तसा साचा लावला नाही. येणार का, असं लोकांना विचारलं आणि त्यांच्या उत्तरावर भरवसा ठेवला. ज्या राज्यात नोंदणीची मुदत आधी संपते तिथे जुना साचा बऱ्यापैकी चालून जातो, कारण यादी गोठलेली असते. जिथे दारात नाव नोंदवता येतं तिथे मतदार कोण हे त्या रात्रीपर्यंत ठरलेलंच नसतं.

पाहणीत ६० टक्के नवखे, प्रत्यक्षात ५७. पक्षविरहितांचं प्रमाण मात्र तिच्यात ४० टक्के आलं होतं आणि दाराशी झालेल्या पाहणीत ते २० निघालं. तिथे अंदाज चुकला. ओबामांची आघाडी बरोबर आली.

हाच नियम दुसरीकडे

आयोवावरून थेट सिद्धान्त काढायचा मोह होतो, तो पुढच्या दोन महिन्यांतच उतरतो.

नेवाडात १९ जानेवारीला कॉकस झाली. तिथेही त्याच दिवशी नोंदणी होत होती. शिवाय लास वेगासच्या हॉटेल-कॅसिनोंत कामाच्या पाळीतून येता यावं म्हणून नऊ खास केंद्रं उघडली होती. हॉटेल कामगारांच्या मोठ्या युनियननं ओबामांना पाठिंबा दिलेला, त्यामुळे ही केंद्रं त्यांच्याच फायद्याची असा सगळ्यांचा समज होता. ती बंद करण्यासाठी दावाही गुदरला गेला, पण न्यायालयानं तो फेटाळला. प्रत्यक्षात त्या खास केंद्रांपैकी बहुतेक ठिकाणी क्लिंटन जिंकल्या आणि राज्यातही त्यांना सुमारे ५१ टक्के मिळाले. आत कोण येईल याचा ठेका उघडं दार कुणालाच देत नाही. (राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी मात्र ओबामांना १३ आणि क्लिंटन यांना १२ मिळाले, कारण तेही विभागनिहाय वाटपाचं गणित.)

कोलोरॅडोत उलटा प्रकार. तिथे तेव्हा कॉकसला बसायचं तर पक्षाची नोंद दोन महिने आधी झालेली हवी होती. दार बंदच म्हणा. तरीही ५ फेब्रुवारीला ओबामांनी तिथे सुमारे दोन तृतीयांश पाठिंबा मिळवला. मुदत कडक असली आणि ती आधी ओळखून कामाला लागलेली फळी असली तर तीही जमून जाते.

वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथे पक्षनिहाय नोंदणीच नाही. ९ फेब्रुवारीच्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये ओबामांना सुमारे ६८ टक्के मिळाले. दहा दिवसांनी त्याच राज्यात प्रायमरी झाली. तिच्यावर प्रतिनिधी ठरणार नव्हते, नुसता कौल. तिथे ओबामा सुमारे ५१, क्लिंटन ४६. राज्य तेच, उमेदवार तेच, नोंदणीची अडचण दोन्हीकडे नाही. फरक पडला तो हजर राहण्याच्या अटीचा.

इथे क्लिंटन यांच्या बाजूची तक्रार खरी होती असं मला वाटतं. दार सर्वांना उघडं ठेवायचं आणि घड्याळ मात्र संध्याकाळी सातलाच लावायचं, यात रात्रपाळीची परिचारिका, हॉटेलातली वेटर, लहान मूल सोडून निघू न शकणारी आई, परदेशी तैनातीवरचा सैनिक, चालता न येणारा म्हातारा हे सगळे बाहेर राहतात. त्यांच्यासाठी टपालाची सोय नव्हती. नाव नोंदवायला एक मिनिट आणि हजर राहायला दोन तास, तेही ठरलेल्या रात्रीच. ज्याच्या वेळेवर दुसऱ्याची मालकी आहे, त्याच्यासाठी नोंदणीचा उदार नियम कागदावरच राहतो.

नंतर

आयोवाच्या डेमोक्रॅटांनी या तक्रारीची दखल घेतली, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं. २०२० मध्ये त्यांनी मुख्य केंद्रांशिवाय उपकेंद्रं उघडली. कारखान्यांत, वृद्धाश्रमांत, इतर राज्यांत, अगदी पॅरिस, ग्लासगो आणि जॉर्जियातल्या त्बिलिसीलाही. त्या वर्षी निकाल कळवायचं ॲप कोसळलं आणि अनेक दिवस आकडेच लागेनात, त्यामुळे या चांगल्या सुधारणेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे राष्ट्रीय पक्षानं उमेदवार निवडीत सगळ्या राज्यांच्या आधी कौल देण्याचा आयोवाचा मान काढून घेतला. २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटांनी उमेदवाराची निवड टपालानं पाठवलेल्या कार्डांवर घेतली आणि निकाल ५ मार्चला जाहीर केला. कोपऱ्यात उभं राहणं संपलं.

रिपब्लिकनांनी सभा तशीच ठेवली. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात एक प्रस्ताव आला होता, की कॉकसला बसायचं तर पक्षाची नोंद ७० दिवस आधी झालेली हवी. तसं झालं असतं तर दारातलं टेबल उचललंच गेलं असतं. ती तरतूद अंतिम कायद्यात राहिली नाही, स्वतः हजर राहण्याची अट मात्र राहिली.

१५ जानेवारी २०२४ ला, शून्याच्या कितीतरी खालच्या थंडीत, आयोवातल्या हॉलच्या दारात ती टेबलं पुन्हा मांडली गेली. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या निक्की हेली यांची भिस्त पक्षाबाहेरच्या मतदारांवर होती आणि त्यांना आत यायला एका अर्जाखेरीज काही लागत नव्हतं. सुमारे १ लाख १० हजार लोक आले. डोनाल्ड ट्रम्प ५१ टक्के, रॉन डिसँटिस २१, हेली १९.